कापसाच्या वखारी आणि आमची इतिहासदृष्टि

खानदेशांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास, "आपल्याकडे ऐतिहासिक असें काय आहे?" म्हणून विचारावें, तर तो पारोळ्याचा किल्ला, पाटणादेवीचें मंदिर आणि फार झालें तर फरकांड्याचे झुलते मनोरे, एवढीं नांवें घेऊन थांबतो. ज्या जिनांनीं, प्रेसांनीं, वखारींनीं व गिरण्यांनीं एका सामान्य कसब्याचें जळगांव शहर केलें, त्यांची आठवण त्यास होत नाहीं. एखाद्या जुन्या जिनाचें धुरांडें पाडलें जात असतां तो रस्त्यांतून शांतपणें निघून जातो. मात्र किल्ल्याची एक चिरा ढळली कीं त्यास संताप येतो. हा संताप योग्यच आहे. परंतु पहिल्या प्रसंगींची शांतता योग्य आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या इमारती उभ्या कशा राहिल्या हें थोडक्यांत पाहूं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापसाचा दुष्काळ पडला. त्याच दशकांत जी. आय. पी. रेल्वेचे रूळ खानदेशांतून पुढें सरकत होते. १८६७ मध्यें ते नागपुरास पोंचले. तापीखोऱ्यांतील कापूस जो पूर्वीं बैलांच्या पाठीवरून घाट उतरे, तो आतां जळगांवच्या स्टेशनांतून मुंबईस व तेथून विलायतेस जाऊं लागला. धुळ्यास रेल्वे यावयास १९०० साल उजाडलें. त्या वर्षीं चाळीसगांवची शाखा तेथवर आली.

कापूस वेचून आणला म्हणजे प्रथम जिनांत सरकी व रुई वेगळी करावयाची. ही रुई वजनानें हलकी पण जागा फार व्यापणारी. तशीच पाठविली तर भाडें परवडावयाचें नाहीं. म्हणून प्रेसांत तिच्या घट्ट गठाणी बांधावयाच्या, आणि प्रेस शक्य तितका स्टेशनाजवळ हवा. एका ठिणगीनें सारा हंगाम जळून जाण्याची भीति, म्हणून आवार प्रशस्त आणि इमारतींत अंतर राखलेलें. म्हणजे ज्या मोकळ्या जागेकडे आजचा बांधकामवाला आशाळभूतपणें पाहतो, ती जागा आळसानें रिकामी राहिलेली नव्हे; ती त्या धंद्याच्या गरजेनें आंखलेली आहे. हें ज्यास वाचतां येतें, त्यास स्टेशनाभोंवतालचा जुना भाग म्हणजे एक दप्तरच होय.

मुंबईच्या कापडबाजारास ज्यांचें नांव आहे त्या मूळजी जेठा यांच्या पेढीनें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत जळगांवास सूतकापडाची गिरणी उभारली. तेंच नांव पुढें जळगांवच्या महाविद्यालयास मिळालें. अमळनेरास प्रताप शेटांनीं गिरणी चालविली, आणि त्याच पैशांतून १९१६ मध्यें तेथें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें. गिरणीच्या भोंग्याचा आणि वेदांतचर्चेचा असा शेजार महाराष्ट्रांत दुसरीकडे विरळा. जळगांवची गिरणी बंद पडली. तिच्या आवारांत आज नवें व्यापारी संकुल आहे. झालें तें झालें. प्रश्न उरलेल्याचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा कीं, असल्या इमारतींस ना वय, ना सौंदर्य, ना राजा. वयाचें म्हणाल, तर मध्यवर्ती सरकारच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांतील शंभर वर्षांची मर्यादा यांपैकीं पुष्कळांनीं केव्हांच ओलांडली आहे. राजाचें म्हणाल, तर ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं निवर्तले, आणि जेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्यांचें दप्तर सांभाळतें, तेथील लोकांनीं तरी हा आक्षेप घेऊं नये. राजवाड्यांनीं माळ्यावरचे, अडगळींतले, वाळवीनें खाल्लेले कागद दारोदार हिंडून मिळविले. कागद फाटका कीं सुंदर हें त्यांनीं पाहिलें नाहीं; तो काय सांगतो हें पाहिलें. तीच दृष्टि विटा-मातीस लावण्यास आम्ही कां कचरावें?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे कारखाने परकीय राजवटीच्या लुटीचीं साधनें. त्यांत गोरगरीब पिळले गेले. त्यांचे गोडवे कां गावे? पिळले गेले हें अक्षरशः खरें आहे. १८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभरांहून कमी मजूर असलेल्या, तसेंच वर्षांतून चार महिन्यांपेक्षां अधिक न चालणाऱ्या कारखान्यांस लागूच नव्हता. हंगामी जिनांस ही पळवाट आयतीच मिळाली. १८८४-८५ च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढें खानदेशांतील जिनांविषयीं ज्या साक्षी झाल्या, त्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बायकांची हकीकत आहे. १८९१ मध्यें स्त्रियांच्या कामास दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली, ती असल्या अनुभवानंतर. परंतु यावरून काय निष्पन्न होतें? या बायकांच्या नांवाचा शिलालेख नाहीं, बखर नाहीं. त्यांच्या श्रमाचा एकच साक्षीदार उरला आहे, आणि तो म्हणजे ती भिंत. ती पाडल्यानें पिळवणुकीचा निषेध होत नाहीं. तिचा पुरावा मात्र नष्ट होतो. आणि स्मारक म्हणजे गोडवे, ही समजूतच आम्हांस मान्य नाहीं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: जागा खाजगी, शहरें वाढतीं, मालकानें तोटा कां सोसावा? येथें जपानचें उदाहरण घेण्यासारखें आहे. १८७२ सालीं, म्हणजे आमच्या जळगांवच्या गिरणीच्या सुमारासच, तोमिओका येथें रेशमाची गिरणी निघाली. ती १९८७ मध्यें बंद पडली. कातकुरा या मालक कंपनीनें ती न पाडतां स्वखर्चानें राखली, २००५ मध्यें शहराच्या स्वाधीन केली, आणि २०१४ मध्यें तिची गणना जागतिक वारशांत झाली. प्रत्येक मालकाकडून एवढ्या औदार्याची अपेक्षा आम्ही करीत नाहीं. पण मग सार्वजनिक संस्थांनीं पुढें यावयास नको काय? मुंबईनें १९९५ सालीं वारसा-इमारतींचे नियम करून खाजगी व व्यापारी इमारतींचीही प्रतवारी लावली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यांत, विकास आराखडा करतांना ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या रचनांच्या जतनाची तरतूद करण्याची मुभा आहेच. जळगांव व धुळें या दोहोंस २००३ पासून महानगरपालिका आहेत. तेव्हां अधिकार नाहीं ही सबब चालण्यासारखी नाहीं.

प्रत्येक पत्र्याची शेड पूजेस लावा असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें मागणें माफक आहे. दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या जिन, प्रेस व गिरण्यांची एक यादी व्हावी. जें पाडणें अटळ असेल त्याचे नकाशे व छायाचित्रें आधीं घेतलीं जावींत. पेढ्यांचे रोजमेळ व खतावण्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं संशोधन मंडळासारख्या संस्थेच्या हवालीं व्हाव्या. एक तरी जिन यंत्रांसह उभा ठेवावा, म्हणजे अंगावरील सदऱ्याचा कापूस कोणत्या वाटेनें आला हें शाळेंतील मुलांस डोळ्यांनीं पाहतां येईल. आणि ज्यांनीं तेथें हयात घालविली ते वृद्ध कामगार हयात आहेत तोंवर त्यांच्या तोंडची हकीकत टिपून घ्यावी. महाविद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी यांनीं मनावर घेतलें तर यांपैकीं निम्मीं कामें एका पैशाच्याही सरकारी मदतीवांचून होतील.

खानदेशास स्वतःचा इतिहास नाहीं अशी तक्रार आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. काळ्या मातींतल्या कापसानें या प्रांतास जगाच्या बाजारांत नेलें, हा इतिहास नव्हे काय? ज्याला तो दिसत नाहीं, त्यानें तक्रार करण्यापूर्वीं आपल्या स्टेशनाबाहेरचा रस्ता एकदां नीट पाहावा; आणि तो लवकर पाहावा.