कूलर गार हवा का देत नाही?



चैत्र सरता सरता ऊन कसे तापते, हे साखऱ्याच्या माणसाला सांगायला नको. दुपारी रानातून येऊन कूलर लावावा, तर तो नुसता घरघरतो. हवा मात्र गरमच. अशा वेळी लगेच मेकॅनिककडे धावू नका. आधी घरच्या घरी चार गोष्टी पाहा.

कूलर हा माठाचाच भाऊ. माठातून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा अशीच गार होते. तेव्हा ताटी ओली हवी आणि हवा कोरडी हवी.

पहिली गोष्ट जागेची. दारे-खिडक्या लावून कूलर खोलीत ठेवला, तर तीच ओलसर हवा फिरत राहते आणि अंग चिकचिकते. कूलरची पाठ खिडकीतून बाहेर राहू द्या. समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा.

दुसरी ताट्यांची. त्या वरपासून खालपर्यंत भिजतात का? कोरडा पट्टा दिसला, तर पाणी सोडणारी वरची भोके क्षाराने बुजली असतील. बारीक तारेने ती मोकळी करा. बोअरच्या जड पाण्याने ताटी कडक झाली असेल, तर ती बदलावीच.

तिसरी पंपाची. पाणी वर चढत नसेल, तर पंपाच्या जाळीतला गाळ काढा.

चौथी पंख्याची. विहिरीवरच्या मोटारी चालू असताना विजेचा दाब उतरतो आणि पंखा मंदावतो. तो दोष कूलरचा नव्हे. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर गेला. त्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम वायरमनचेच.

मृगाच्या पावसाने हवा दमट झाली, की चांगला कूलरही हरतो. मग पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि लेकरांचे अनवाणी पाय, यातून जीव जातो. पाणी भरताना किंवा साफ करताना नुसते बटन बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे असेल, तर आत वीज राहतेच. प्लगच बाहेर काढा. प्लग तीन पिनांचा असावा; पण घराला अर्थिंग नसेल, तर तिसरी पिन नावापुरतीच. पत्र्याला झिणझिण्या आल्या, तर पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळू लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो.

आणि गृहिणींनो, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात. आठवडी बाजाराचा दिवस त्यासाठी ठरवून टाका, म्हणजे विसर पडणार नाही.