बाहेरच्यांनी बोलायचं नाही?

मैत्रिणींनो, 'बाहेरची' हा शब्द आपल्याला नवा नाही. पाळीत बाहेरची, सासरी तर वीस वर्षांनीही बाहेरचीच!

इंग्लंडमधल्या लुईस या छोट्या गावात दरवर्षी सहसा ५ नोव्हेंबरच्या रात्री मशालींच्या मिरवणुका निघतात, मोठमोठ्या होळ्या पेटतात. १६०५ साली राजाला सुरुंगाने उडवण्याचा कट फसला, त्याची ही आठवण. शिवाय १५५५ ते १५५७ या काळात तिथे जिवंत जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांसाठी १७ जळते क्रूस. (त्यांत बायाही होत्या. जॉन फॉक्सच्या हुतात्म्यांच्या ग्रंथात दोघींची नोंद फक्त नवऱ्याच्या नावाने आहे.) गर्दी इतकी, की रस्ते बंद होतात. बाहेरच्यांना सांगतात, येऊ नका.

तर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अरुंद रस्त्यांवर चेंगराचेंगरी झाली तर आधी लहान मुलं आणि म्हाताऱ्या सापडतात. आपल्या हौसेपायी तो धोका वाढवायचा नाही.

पण 'येऊ नका'च्या आडून 'बोलू नका' म्हणाल, तर ते चालणार नाही. होळीतल्या अचकटविचकट शिव्यांबद्दल आपण बोललो की हेच ऐकवतात: गावची रीत आहे, तुम्ही कोण? लुईसमधल्या एका मंडळाचे लोक झुलूंचं सोंग घेऊन तोंडाला काळं फासत. गावातल्या अनेकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. २०१७ साली पाहुणे म्हणून बोलावलेल्या झुलू नर्तकांच्या पथकाने आक्षेप घेतला, तेव्हा कुठे मंडळाने काळं फासणं सोडलं.