कॅलेंडरवरचं परकं गाव



आमच्या मेहकरच्या दुकानाचं कॅलेंडर दर दिवाळीला निघतं. शिवकाशीहून नमुन्यांचं पुस्तक येतं, त्यातलं एक चित्र निवडायचं, खाली दुकानाचं नाव छापून घ्यायचं. भगवंताचं चित्र आम्ही घेत नाही. वर्ष संपलं की कुणी त्यात फरसाण बांधतं, उगाच आशातना. म्हणून देखावा. यंदाही बर्फाचे डोंगर आणि लाकडी बंगला! मी विचारलं, हे गाव कुठलं? ह्यांना माहीत नाही, मुलालाही नाही. आणि अष्टमी-चतुर्दशी बघायला मी वर्षभर रोज त्याच गावासमोर उभी राहणार.

नातीने मोबाइलवर जपानी चित्रं दाखवली, तेव्हापासून हे जास्तच खुपतंय. हिरोशी योशिदा नावाचे चित्रकार १९३० च्या अखेरीस मुलाला घेऊन हिंदुस्थानात आले. मग लाकडी ठशांनी छापलेली इथली चित्रं त्यांनी काढली. ताजमहाल, कांचनगंगा, उदयपूर, आणि चक्क आपला अजिंठा आणि वेरूळ! बुलढाणा शहर वसलंय ती हीच अजिंठ्याची डोंगररांग. समुद्रापलीकडच्या माणसाने ती कागदावर उतरवली, आणि आम्ही भिंतीवर कुणाचा तरी बर्फ टांगतो.

याच योशिदांनी १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचं एक चित्र तेच ठसे ठेवून, नुसते रंग बदलून, सकाळचं, संध्याकाळचं, धुक्यातलं, रात्रीचं असं वेगवेगळं छापलं. पाठशाळेत अनेकांत समजावताना आपण हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतो. ही होडीही चालेल.

त्यांच्या शंभरेक वर्षं आधी हिरोशिगे होऊन गेले. तोकाइदो रस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची त्यांची चित्रमाला १८३३-३४ च्या सुमाराची. त्याचा व्यवहार वाचून माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. प्रकाशक पैसा घालणार, चित्रकार रेखाटणार, एकजण लाकूड कोरणार, एकजण छापणार, आणि किंमत साध्या माणसाला परवडेल अशी. म्हणजे आपलं कॅलेंडरच की! पण त्यावर त्यांचे स्वतःचे पूल, त्यांचाच पाऊस. शोनो गावच्या चित्रात अचानक आलेल्या सरीत चढावर माणसं धावतायत, छत्र्या सावरतायत. मला तर श्रावणातला राजूर घाट आठवला.

हे म्हणतात, "लोकांना परदेशी देखावाच आवडतो. आपलं काय, रोजच दिसतं."

दिसतं का? जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा फोटो साऱ्या देशाच्या मोबाइलवर फिरले. त्याच वर्षी ते रामसर स्थळही झालं. मेहकरहून लोणार तासाभराच्याही आत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी गेले तीनदा. त्यातही दोनदा पाहुण्यांना दाखवायला. आवडनिवड दूरची, आधी बघणंच झालेलं नाही.

म्हणून मी हिशेब मांडला. पाचशे प्रती, स्वतःचं चित्र छापायला प्रतीमागे सहा रुपये जास्त, म्हणजे तीन हजार. गेल्या दिवाळीत फटाके नकोत म्हणून वाचवले त्याहून कमीच. चित्र नात काढणार, लोणारच्या काठावर बसून.

हे म्हणाले, "बघू." आमच्याकडे "बघू"चा अर्थ बहुतेक वेळा नाहीच असतो. पण नमुन्यांचं पुस्तक सध्या माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला.