हंडा वाहिला, तरी कार्य शून्य?

डहाणू तालुक्यातील कैनाड हे वारली वस्तीचे गाव. इथल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण होते आणि बोर्डीला किंवा पालघरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेते. आईबरोबर डोक्यावरून पाणी वाहतच ती मोठी झालेली असते. भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर ‘कार्य’ या संकल्पनेची व्याख्या येते : बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. पाठोपाठ ठरलेले उदाहरण येते. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने एकसारख्या वेगाने चालणारा माणूस त्या ओझ्यावर करतो ते कार्य शून्य.

मुलगी हे वहीत उतरवून घेते, परीक्षेत तसेच लिहितेही. मनात मात्र प्रश्न उरतो : मग मान कशाने भरून येते? तो ती विचारत नाही. घरी वारली, शाळेत मराठी आणि अकरावीपासून इंग्रजी. ‘बल’ म्हणजे ‘फोर्स’, ‘संवेग’ म्हणजे ‘मोमेंटम’ अशी जुळवाजुळव करता करता तास निघून जातो. पुढे ती स्वतःच निकाल लावते, की फिजिक्स आपल्याला जमणारे नाही. तिचा प्रश्न बरोबर असतो, हा निकाल मात्र चुकीचा.

आधी प्रश्नाचे उत्तर पाहू. हंड्यात १५ लिटर पाणी आहे असे धरले, तर ते जमिनीवरून दीड मीटर उचलून डोक्यावर घेताना सुमारे २२० ज्यूल कार्य होते. त्यानंतर सपाट वाटेवर डोके हंड्याला वर रेटते, हंडा मात्र पुढे जातो. बल आणि विस्थापन काटकोनात, म्हणून हंड्यावरचे कार्य शून्य. व्याख्या अगदी खरी आहे. पण ती हंड्याबद्दल बोलते, बाईच्या शरीराबद्दल नाही. मान आणि पाठ ताठ ठेवताना स्नायूंच्या पेशींत मायोसिनचे सूक्ष्म हात ॲक्टिनच्या तंतूंना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. अशा प्रत्येक फेरीला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. हंडा स्थिर दिसतो, पण स्नायू आतून अखंड राबत असतात. ती ऊर्जा अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रुग्णाचे दुखणे खोटे ठरत नाही. रिपोर्टने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. इथेही तसेच आहे.

हा गोंधळ फक्त कैनाडच्या मुलीचा नाही. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या सुमारास आपल्या प्राथमिक भौतिकशास्त्राच्या वर्गाला साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तर तुम्ही शिकवले तसे लिहायचे, की मला वाटते तसे? अवघड गणिते सोडवणारी ही मुले मूळ संकल्पनेत अडखळत होती. त्यानंतर माझूर यांनी पद्धत बदलली. आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग स्पष्टीकरण. फरक एवढाच, की हार्वर्डची मुलगी तो प्रश्न मोठ्याने विचारू शकली.

अशा शिकवण्याचा उपयोग होतो का? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासवर्गांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. मुलांना सुरुवातीला जे येत नव्हते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के कमावले गेले. विद्यार्थ्यांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. २०१९ मध्ये हार्वर्डमधूनच आणखी एक निष्कर्ष आला. चर्चेच्या वर्गातील मुले चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवत्या व्याख्यानात सगळे समजल्यासारखे वाटते; स्वतः डोके चालवताना अडखळायला होते आणि ते अडखळणे अपयश वाटते. म्हणून ‘मला जमत नाही’ या भावनेवरून विषय सोडायचा निर्णय घेऊ नये. अनेकदा शिकणे तिथेच सुरू झालेले असते.

‘हार्वर्डचे पालघरला कसे चालेल? पोर्शन कधी संपवायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. वर्ग मोठे, सत्र लहान. पण धडा संपला आणि मुलगी जागच्या जागी राहिली, तर नेमके संपले काय? आणि ही वाट परदेशातून आणायचीही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे याच डहाणू तालुक्यातील कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मुलांच्या भोवतालच्या वस्तू हेच तिथे शिकण्याचे साधन होते. बालवाडीला जे कळले, ते पदवीच्या वर्गाला कळायला हरकत नसावी.

त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या सत्रात प्रत्येक तासाची दहा मिनिटे एका प्रश्नासाठी राखून ठेवावीत. आधी प्रत्येकाने उत्तर लिहावे, मग शेजाऱ्याशी वारलीत, मराठीत, जमेल त्या भाषेत वाद घालावा आणि शेवटी ते इंग्रजीत मांडावे. इंग्रजी यायलाच हवे, पण समजण्याआधी ती अट नको. कावडीचा तोल, तारप्याच्या भोपळ्यात घुमणारा सूर, डोक्यावरचा हंडा, असे प्रश्न या मुलांकडे भरपूर आहेत. ‘कार्य शून्य’ असे फळ्यावर लिहिल्यावर शिक्षकांनी खडू खाली ठेवावा आणि विचारावे, ‘हंडा कोणी कोणी वाहिला आहे? मान का दुखली, सांगा.’