मुलींच्या दमाचा हिशेब

संपादक महोदय,

शालेय क्रॉसकंट्री स्पर्धांविषयीचा आपला लेख वाचला. मुलींच्या अंगात ताकद आहे, पण स्वतःवर विश्वास नाही, असा त्याचा सूर आहे. उपाय म्हणून प्रेरणादायी व्याख्याने आणि यशस्वी खेळाडूंच्या भेटी सुचवल्या आहेत. माझी सगळी नोकरी मुलींच्या शाळेत खेळ शिकवण्यात गेली, आणि मला हे निदानच मान्य नाही. विश्वास बसावा असे आपण या मुलींच्या हाती देतो तरी काय? स्पर्धेच्या आदल्या दिवशी परिपाठात एक खणखणीत भाषण. दुसऱ्या दिवशी, जिने आयुष्यात तीन किलोमीटर सलग पळून पाहिलेले नाहीत तिच्या छातीवर नंबर लावून तिला रेषेवर उभे करायचे. बहुतेक शाळांची तयारी एवढीच असते.

मग काय होते ते कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर दिसते. इशारा झाला की बांध फुटल्यासारख्या सगळ्या सुटतात. मागे राहण्याची भीती, कडेच्या आरोळ्या. पहिले तीनशे मीटर शंभर मीटरच्या शर्यतीसारखे. शरीर ऑक्सिजन पुरवू शकत नाही अशा वेगाने पळाले की दोन-तीन मिनिटांत पाय जड होतात, धाप लागते, बरगडीखाली कळ येते. मुलगी चालू लागते आणि 'माझ्यात दमच नाही' हे मनाशी पक्के करून घरी जाते. चुकलेला असतो तो सुरुवातीचा वेग, पण हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

वेग शिकवता येतो, आणि त्याला खर्च नाही. आठवड्यातले बरेचसे पळणे शेजारणीशी बोलता येईल इतक्या सावकाश करायचे. एखाद्या दिवशी ठरावीक वाटेने जायचे, घड्याळ पाहायचे आणि त्याच वाटेने थोड्या कमी वेळात परत यायचे. शेवटच्या टप्प्यात आपण इतरांना मागे टाकतो आहोत, हे ज्या मुलीने एकदा अनुभवले तिला व्याख्यान लागत नाही. जोडीला प्रत्येकीची एक वही हवी, आणि तिच्यातली वेळ तिने स्वतःच्या हाताने लिहायला हवी. जुलैत तीन किलोमीटरना १९ मिनिटे लागत असतील आणि दिवाळीच्या सुमारास १७ लागत असतील, तर 'तू करू शकतेस' हे वाक्य वहीच बोलते. सर बोलतात त्यापेक्षा ते जास्त पटते.

मात्र वही वाचणाऱ्यालाही अक्कल हवी. वयात येताना मुलीच्या शरीराची ठेवण बदलते आणि एखादे वर्ष वेळ सुधारत नाही, कधी वाढतेही. सातवीत पहिली येणारी मुलगी नववीत मागे पडली की 'हिचे आता लक्ष नाही' असा शेरा ठरलेला. दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी. ती मुलगी लवकर दमणारच. तिला आत्मविश्वासाचा डोस पाजणे हा शुद्ध अन्याय आहे. आधी रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या खरोखर पोटात जातात का ते पाहा, मग मनोबलाविषयी बोला.

आता संघाविषयी, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. क्रॉसकंट्री हा सांघिक खेळ आहे, हे आपल्याकडे पालकांनाच काय, अनेक मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते. जागतिक क्रॉसकंट्रीत एका देशाच्या सहा जणी धावतात आणि पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्यांची बेरीज कमी तो संघ वरचा. समजा एका संघाच्या मुली १, २४, ३१ आणि ३८ या क्रमांकांवर आल्या, बेरीज ९४. दुसऱ्या संघाच्या ९, ११, १२ आणि १४; बेरीज ४६. पहिली येणारी मुलगी असूनही पहिला संघ हरला, तोही सपाटून. पाचवी आणि सहावी मुलगी बेरजेत नसते, पण ती दुसऱ्या संघाच्या एखादीला मागे टाकते तेव्हा त्यांची बेरीज फुगवते. अकराव्या क्रमांकावरच्या मुलीला हे समजले की ती बाराव्या क्रमांकावरून जीव तोडून धावत येणाऱ्या प्रतिस्पर्धी मुलीला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. आपल्यावाचून काही अडत नाही ही भावना मुलींना घरीदारी पुरेशी मिळते. आपल्यावाचून अडते, हे सांगणारा असा खेळ शाळेत आहे आणि आपण त्याचे फक्त पहिले तीन क्रमांक पुकारून मोकळे होतो.

कविता राऊत किंवा ललिता बाबर यांची नावे घेतली की आपल्याकडे लगेच 'जिद्द' हा शब्द येतो. जिद्द होतीच. पण कविता राऊत, मोनिका आथरे, संजीवनी जाधव या तिघी नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे तयार झाल्या, हेही लक्षात घ्या. सावरपाड्याच्या कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा ते पदक धाकट्यांना पोस्टरवर पाहावे लागले नाही. पदकवाली त्यांच्याच गावात सराव करत होती. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय महिला. दहाव्या क्रमांकाचा अभिमान बाळगायला आपण त्या दिवशी शिकलो होतो. शाळेच्या मैदानावर ते विसरतो.

मुलींच्या दमाविषयीची शंका मुलींनी निर्माण केलेली नाही. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला प्रथमच ८०० मीटर धावल्या. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या, नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली आणि जर्मनीच्या लिना राडके यांनी विश्वविक्रम केला. काही वृत्तपत्रांनी मात्र बायका कोसळल्याची, निम्म्या वाटेत सोडून गेल्याची रसभरित वर्णने छापली. महिलांची ८०० मीटर शर्यत त्यानंतर थेट १९६० मध्ये परत आली. मॅरेथॉनसाठी १९८४ उजाडले आणि जागतिक क्रॉसकंट्रीत वरिष्ठ महिलांना पुरुषांइतके दहा किलोमीटर अंतर मिळायला २०१७. वृत्तपत्राचा एक परिच्छेद काय करू शकतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

बाकी गोष्टी थोडक्यात लिहिते, कारण त्या इतक्या उघड आहेत की लिहितानाही कंटाळा येतो. मार्गाजवळ स्वच्छतागृह. पाळीच्या दिवसांविषयी संकोच न बाळगता बोलणारी एक शिक्षिका संघासोबत. ओढणी सावरत पळावे लागणार नाही असे कपडे आणि पायाला बसणारे बूट. दहावी आली म्हणून सराव बंद करणाऱ्या पालकांशी शाळेने स्वतःहून एकदा बोलणे. यांतले काहीच न करता व्याख्याता बोलावणे सोपे असते, शिवाय फोटोही चांगला येतो.

तेव्हा मुख्याध्यापकांना एवढेच सांगणे आहे की व्याख्यानाच्या मानधनातून दोन स्टॉपवॉच आणि प्रत्येकीला एक वही घ्या. आणि आपल्याला विनंती की यंदाच्या जिल्हा क्रॉसकंट्रीचा निकाल छापताना पहिल्या तिघींच्या खाली संघांच्या बेरजाही छापा आणि बेरजेत धरलेल्या चौघींची नावे द्या. चार ओळींची जागा लागेल.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा