ओळख शब्दांची : लेट, पेंडिंग, बॅकलॉग

चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली की पहिल्या पाळीच्या कामगाराला एकच धास्ती : लेट मार्क! 'लेट' हा इंग्रजीतला फार जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ मंद, संथ. रस्ता संथ असतो, पण शिक्का बसतो कामगारावर.

कचेरीत गेलो तर कळते, अर्ज 'पेंडिंग' आहे. लॅटिन भाषेत लटकण्याला जो शब्द आहे त्यातून हा आला. घड्याळाचा पेंड्युलम याच घराण्यातला. म्हणजे आपला कागद लटकतो आहे! चालढकलीला इंग्रजीत 'प्रोक्रॅस्टिनेशन' म्हणतात. त्यातल्या 'क्रास'चा अर्थ उद्या. "उद्या या" म्हणणारा कारकून आठवला ना?

आता 'बॅकलॉग'. थंड मुलखात घरात आग पेटवीत. तिच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका म्हणजे बॅकलॉग. पुढे साचलेल्या कामालाही हेच नाव पडले. आपण त्याला अनुशेष म्हणतो. कामगाराला दहा मिनिटे उशीर झाला तर लेट मार्क. राखीव जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली तर मात्र नुसता 'बॅकलॉग'!

२००० साली ८१ वी घटनादुरुस्ती झाली. मागील वर्षांच्या न भरलेल्या राखीव जागा वेगळ्या धरून भरण्याची मुभा सरकारला मिळाली. त्या चालू वर्षाच्या ५० टक्के मर्यादेत मोजल्या जात नाहीत.

म्हणून मुलामुलींनो, नोकरीच्या जाहिरातीत 'बॅकलॉग' किंवा 'अनुशेष' दिसला तर पान उलटू नका. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी न भरलेली जागाही ती असू शकेल. अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा. तिथे लेट होऊ नका.