चाकं फिरताहेत, पण गाडी हलत नाही

सेकंड इयरला माझ्या मिनी प्रोजेक्टचा विषय ऐकून सर हसले. 'खेळण्यावर प्रोजेक्ट? काहीतरी सिरियस आण.' मग मीही अर्ध्या वर्गासारखा लाइन फॉलोअर रोबो केला. किट आणलं, जोडलं, व्हायवा दिली, विसरून गेलो. नाकारलेला विषय मात्र अजून माझ्या टेबलावर फेऱ्या मारतोय. झेड स्केलचं एक सेकंडहँड इंजिन. दोन रुळांतलं अंतर साडेसहा मिलिमीटर. सपाटीवर मस्त धावतं, पण वह्यांवर ठेवून केलेल्या चढावर चाकं गरागरा फिरतात आणि गाडी जागच्या जागी.

माझं मत ऐका, पटलं नाही तर भांडा: त्या गरागरा फिरणाऱ्या चाकांत आपण विकत आणतो त्या तयार किटपेक्षा जास्त इंजिनीअरिंग आहे.

हे दाखवलं की दहातले नऊ जण म्हणतात, 'मोठी मोटर टाक ना!' अरे, मोटर तर फिरतेच आहे. ताकद कमी नाही, पकड कमी आहे. चाक रुळाला किती जोराने ढकलू शकतं हे दोनच गोष्टींवर ठरतं: चाकावर वजन किती आणि दोन पृष्ठभागांतला घर्षणांक किती. अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र आहे, पण ते हातात येतं ते इथे.

आता वजन बघा. आपल्याकडे मालगाड्या ओढणारं डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचं. झेड स्केल म्हणजे १:२२०. लांबी २२० पट कमी झाली की वजन २२० च्या घनाने, म्हणजे एक कोटी सहा लाख पटींनी कमी होतं. हिशेब केला तर उरतात साडेअकरा ग्रॅम. जपानमधून आलेलं टी गेज त्याहून लहान, १:४५०, रुळांतलं अंतर फक्त ३ मिलिमीटर. तिथे तेच इंजिन १.३५ ग्रॅम भरेल, पेपर क्लिपच्या आसपास. (प्रत्यक्षात कंपन्या आत धातूचा ठोकळा बसवतात, म्हणून मॉडेल याहून जड असतं.)

तुम्ही म्हणाल, मग डबेही तितकेच हलके झाले की! बरोबर. गुणोत्तर तेच राहतं. पण डब्यांच्या आसाचं घर्षण त्या प्रमाणात कमी होत नाही, रुळावरची धूळ लहान होत नाही आणि टेबलावर जागा नसल्यामुळे आपण वळणं नको तितकी घट्ट आणि चढ नको तितके उभे करतो. कसारा-इगतपुरी घाटाचा चढ १:३७ आहे, त्यालाही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. माझ्या वह्यांचा चढ मोजला तर १:२० निघाला! एवढा चढ खऱ्या रेल्वेत नेरळ-माथेरानला आहे, आणि ती गाडी किती डब्यांची असते ते तुम्ही पाहिलंच असेल.

उपायांत सगळ्यांचा लाडका उपाय म्हणजे चाकाला रबरी रिंग. एन स्केलच्या अनेक इंजिनांना ती कारखान्यातूनच येते. रिंग मिळत नसेल तर चाकावर लावून वाळवायचं द्रव रबरासारखं रसायनही मिळतं. पकड लगेच वाढते, म्हणून सगळे आधी तिकडेच धावतात, आणि मी इथेच अडतो. या इंजिनाला वीज रुळातून, चाकांमार्फत मिळते. ज्या चाकाला रबर लावलं ते वीज घ्यायचं थांबलं. चारच चाकांचं इंजिन असेल तर उरली किती? गाडी सांध्यावर अडखळते, दिवा लुकलुकतो आणि आपण पुन्हा मोटरला शिव्या घालतो. पकड आणि वीज, दोन्हींसाठी जागा एकच: ते इवलंसं चाक. म्हणून रबर शेवटी, आणि तेही एखाद्याच जोडीला.

आधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. तेलाचा पातळ थर पकडही खातो आणि वीजही. मग वजन. शिसं स्वस्त आहे, पण विषारी. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, म्हणजे झेडच्या टीचभर पोकळीत भरीव टंगस्टन जवळजवळ पावणेदोन पट वजन बसवतं. फक्त ते दोन्ही टोकांना सारखं वाटा. मी पहिल्यांदा सगळं मागे कोंबलं, तर पुढची चाकं इतकी हलकी झाली की त्यांना वीजच मिळेना.

आणि लोभ आवरा. चाक घसरणं हा एका अर्थी मोटरचा फ्यूज असतो. इतकं वजन टाकलं की चाक घसरतच नाही, तर ओझं जास्त झाल्यावर मोटर अडून बसते, तापते आणि जळते. माझी एक गेली.

वजन न वाढवता दाब वाढवायचा असेल तर चुंबक. लायोनेल या अमेरिकी कंपनीने मोठ्या खेळण्यातल्या गाड्यांत हे १९५० मध्येच आणलं होतं. टी गेजमध्येही चाकंच चुंबकी असतात आणि रूळ पोलादी. झेडचे रूळ मात्र बहुधा निकेल सिल्व्हरचे, त्यांना चुंबक चिकटत नाही. मग रुळांच्या मध्ये पोलादी पट्टी आणि इंजिनाच्या पोटाशी बारीक निओडिमियम चुंबक. भारी चालतं! पण तो चुंबक टेबलावरचा प्रत्येक लोखंडी कण गोळा करतो आणि गिअरला भेट देतो.

हे सगळं मोजायला लॅब लागत नाही. चाकं जाम करा, इंजिन रुळावर ठेवा, रूळ हळूहळू तिरका करा. इंजिन ज्या कोनात घसरायला लागेल त्याचा टॅन म्हणजे घर्षणांक. कोन मोबाइलचं ॲप सांगतं. साधारण ११ अंशांना घसरलं तर ०.२. रूळ पुसायच्या आधी आणि नंतर, रबर लावून आणि काढून, दहा-दहा वेळा मोजा, आलेख काढा. किती तयार किटच्या प्रोजेक्टमध्ये असा स्वतः मोजलेला एक तरी आकडा असतो? माझ्या रोबोत नव्हता.

माझं इंजिन आता वह्यांच्या चढावर पाच डबे नेतं. सहावा लावला की चाकं परत गरागरा. मित्राकडे दुसरं इंजिन आहे. दोघांचा वेग जुळला तर रविवारी ते मागे लावून बघणार आहोत, कसाऱ्याला लावतात तसं.